लाटेकमधला कोड : मांडणी एकदाच ठरवा

प्रश्न : मी संगणकशास्त्रात एम. टेक. करते आहे आणि प्रबंध लाटेकमध्ये लिहिते आहे. त्यात पायथन आणि सी या भाषांतले कोडचे उतारे आहेत, शिवाय प्रोग्रॅम चालवल्यावर पडद्यावर आलेलं आउटपुटही आहे. प्रत्येक उताऱ्याच्या सुरुवातीला फॉन्ट, रंग, चौकट, ओळींचे क्रमांक अशी दहा-बारा सेटिंग्ज मी आधीच्या उताऱ्यावरून कॉपी करून चिकटवते. आता गाइड म्हणतात, अक्षर एका मापाने लहान करा. म्हणजे पुन्हा सगळे उतारे उघडणं आलं. यातला काही कोड सेमिनारच्या स्लाइडवर आणि एका लेखातही जाणार आहे. ही सेटिंग्ज एकदाच लिहून सगळीकडे वापरता येतील का?

उत्तर : येतील. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुम्ही 'लिस्टिंग्ज' हे पॅकेज वापरत आहात, आणि ही सोय त्यात आहे. कार्स्टेन हाइन्त्स यांनी १९९६ पासून ते लिहायला घेतलं, पुढे ब्रूक्स मोझेस आणि मग योब्स्ट हॉफमन यांनी ते सांभाळलं. (या उत्तरात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, सलग, आधी बॅकस्लॅश देऊन लिहायची.)

आधी सेटिंग्ज एकमेकांवर कशी मात करतात ते पाहू, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे प्रीअँबलमध्ये, 'एलएसटीसेट' ही आज्ञा दिली की तिच्यातली सेटिंग्ज पुढच्या सगळ्या उताऱ्यांना लागू होतात. हीच आज्ञा एखाद्या महिरपी कंसात किंवा एन्व्हायर्न्मेंटच्या आत दिली, तर तिचा अंमल तेवढ्यापुरताच राहतो. आणि उताऱ्याच्या सुरुवातीला चौकोनी कंसात जे लिहाल, ते फक्त त्याच उताऱ्याला लागतं. एकच सेटिंग दोनदा आलं, तर शेवटी आलेलं चालतं. तुमच्या सगळ्या उताऱ्यांची भाषा एकच असती, तर प्रीअँबलमधल्या एका 'एलएसटीसेट'वर काम भागलं असतं आणि हे उत्तर इथेच संपलं असतं.

पण तुमच्याकडे तीन प्रकारचा मजकूर आहे. त्यासाठी 'एलएसटीडिफाइनस्टाइल' आहे. तिला दोन महिरपी कंस लागतात : पहिल्यात शैलीचं नाव, दुसऱ्यात सेटिंग्जची स्वल्पविरामांनी जोडलेली यादी. या आज्ञेने पानावर काहीच बदलत नाही, यादी नुसती नावानिशी साठवली जाते. मग जिथे हवी तिथे 'स्टाइल' या किल्लीपुढे, म्हणजे सेटिंगच्या नावापुढे, शैलीचं नाव लिहायचं. दहा-बारा सेटिंग्जच्या जागी एक शब्द.

हे नाव ठेवताना माझा एक आग्रह आहे. शैलीला तिच्या रूपावरून नाव देऊ नका, मजकुराच्या कामावरून द्या. 'निळा कोड', 'चौकटवाला', 'लहान टाइप' ही नावं आज सोयीची वाटतात. उद्या विभागाने कृष्णधवल छपाई मागितली की निळी शैली काळी होते, नाव मात्र निळंच राहतं, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच कळेनासं होतं की ही शैली नेमकी कशासाठी होती. 'पायथन', 'सी', 'आउटपुट' ही नावं कधीच खोटी पडत नाहीत. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लाटेक उभं केलं, ते याच विचारावर : हा मजकूर काय आहे एवढं लेखकाने सांगावं, तो कसा दिसेल हे एका वेगळ्या जागी ठरावं. प्रकरणाचं शीर्षक लिहिताना आपण हा नियम बिनबोभाट पाळतो. कोडच्या उताऱ्यापाशी आलो की मात्र पुन्हा हाताने रंग भरायला बसतो.

आता प्रत्यक्ष रचना. चार शैली करा. पहिली 'बेस', म्हणजे सगळ्यांची समाईक. बाकी तिघी तिच्यावरून निघतील : 'पायथन' शैलीच्या यादीत पहिलीच नोंद 'स्टाइल बरोबर बेस' अशी करायची आणि पुढे फक्त वेगळं असेल तेवढंच लिहायचं. एका शैलीत दुसरी शैली अशी बोलावता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मग गाइडनी अक्षर लहान करायला सांगितलं की 'बेस'मधली एक ओळ बदलायची आणि सगळा प्रबंध बदलतो.

'बेस'मध्ये काय घालावं? लिस्टिंग्जची काही मूळ गृहीतकं आजच्या वापराला गैरसोयीची आहेत, ती आधी इथे दुरुस्त करून टाका. लांब ओळ आपोआप तुटत नाही, समासाबाहेर जाते, म्हणून 'ब्रेकलाइन्स' चालू करा. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात जिथे मोकळी जागा असते, तिथे पॅकेज एक छोटी कंसासारखी खूण छापतं. नव्या वाचकाला ते कोडमधलंच एखादं चिन्ह वाटतं, म्हणून 'शोस्ट्रिंगस्पेसेस' बंद करा. टॅबची रुंदी आठ अक्षरांची धरलेली असते, ती चार करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 'कॉलम्स'. मुळात हे 'फिक्स्ड' असतं : प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा रकाना मिळतो. त्यामुळे पीडीएफमधून कोड कॉपी केला की कधी कधी शब्दांच्या पोटात नको त्या मोकळ्या जागा शिरतात. तुमचा प्रबंध वाचून कोणी तो कोड चालवून पाहणार असेल, तर हा त्रास त्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. 'फुलफ्लेक्सिबल' ठेवा, सोबत 'कीपस्पेसेस' चालू करा. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, म्हणून ही दुसरी नोंद विसरू नका. सरळ अवतरणचिन्हं छापताना वळणदार होतात, तीही कॉपी केल्यावर चालत नाहीत. त्यासाठी 'अपकोट' ही किल्ली आहे, जुन्या लाटेकमध्ये तिला 'टेक्स्टकॉम्प' हे पॅकेज लागतं.

पुढची अडचण दिसत नाही, म्हणून ती फार काळ तशीच राहते. भाषेचे राखीव शब्द लिस्टिंग्ज मुळातच ठळक छापतं. ही रीत जुनी आहे, अल्गॉल ६० या भाषेच्या अहवालातही राखीव शब्द ठळकच होते, आणि वाचकाच्या नजरेला तिची सवय आहे. पण तुम्ही कोडसाठी टाइपरायटर वळणाचं अक्षर घेता, आणि लाटेकच्या नेहमीच्या कॉम्प्युटर मॉडर्न कुटुंबात त्या वळणाचं ठळक रूपच नाही. मग लाटेक निमूटपणे साधं अक्षर घेतं, लॉग फाइलमध्ये एक सूचना टाकतं आणि पुढे जातं. रंग दिले असतील तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रबंधाची झेरॉक्स निघाली की राखीव शब्द आणि तुमची स्वतःची नावं एकसारखी दिसतात. 'बेरामोनो' या पॅकेजमधलं अक्षर टी-वन एन्कोडिंगसह घ्या, त्यात खरं ठळक रूप आहे. रंगही जरूर द्या, पण फक्त रंगावर भिस्त ठेवू नका.

शैलीच्या यादीत क्रमही पाहावा लागतो. समजा पायथनच्या राखीव शब्दांत तुम्हाला स्वतःच्या लायब्ररीतली दोन-चार नावं घालायची आहेत. त्यासाठी 'मोअरकीवर्ड्स' ही किल्ली आहे. ती 'लँग्वेज'च्या आधी लिहिली, तर तुमची नावं पुसली जातात, कारण भाषा निवडताच पॅकेज राखीव शब्दांची पाटी कोरी करून त्या भाषेची यादी नव्याने भरतं. आधी 'लँग्वेज', मग 'मोअरकीवर्ड्स'. कुठेही चूक दाखवली जात नाही, फक्त शब्द ठळक होत नाहीत, आणि माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो.

'आउटपुट' शैली सर्वांत साधी ठेवा. 'लँग्वेज'पुढे रिकामा महिरपी कंस, ओळींचे क्रमांक नाहीत, ठळक काही नाही, मागे फिकट राखाडी पट्टा. रिकामा कंस लिहायलाच हवा, नाहीतर आधी कुठे 'एलएसटीसेट'ने पायथन निवडलं असेल तर आउटपुटमधले 'इफ' आणि 'फॉर'सुद्धा कोडसारखे ठळक छापले जातात. पानावर नजर टाकताच कोणता मजकूर माणसाने टाइप केला आणि कोणता यंत्राने परत दिला हे कळलं पाहिजे. प्रबंधातल्या कोडच्या मांडणीकडून माझी पहिली अपेक्षा हीच आहे, बाकी सजावट तिच्यानंतर.

एवढं झालं की प्रत्येक उताऱ्यावर 'स्टाइल बरोबर पायथन' लिहिण्याचाही कंटाळा येईल. त्यावर 'एलएसटीन्यूएन्व्हायर्न्मेंट' आहे. तिने स्वतःचं एन्व्हायर्न्मेंट तयार होतं, मग उतारा त्या एन्व्हायर्न्मेंटच्या नावानेच सुरू करायचा आणि संपवायचा. तिची व्याख्या करताना एक ऐच्छिक घटक ठेवा, ज्याचं मूळ मूल्य रिकामं असेल. आतल्या 'एलएसटीसेट'मध्ये आधी शैली लिहा, मग स्वल्पविराम, मग तो ऐच्छिक घटक, म्हणजे हॅश आणि एक. या क्रमामुळे एखाद्याच उताऱ्याला शीर्षक, लेबल किंवा वेगळा सुरुवातीचा ओळक्रमांक देता येतो, कारण शेवटी आलेलं चालतं. क्रम उलटा झाला, तर तुम्ही त्या उताऱ्यासाठी मुद्दाम दिलेलं सेटिंग शैली पुसून टाकील.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग : प्रबंध, स्लाइड आणि लेख या तिन्हींत हीच सेटिंग्ज कशी वापरायची. हे सगळं प्रीअँबलमधून उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. साधी टेक फाइल करून ती 'इनपुट'ने ओढता येते, पण मी पॅकेजच करायला सांगेन, म्हणजे 'एसटीवाय' विस्ताराची फाइल. ती दोनदा बोलावली गेली तरी एकदाच वाचली जाते, आणि तिला लागणारी इतर पॅकेजेस ती स्वतः मागवू शकते. सुरुवातीला 'प्रोव्हाइड्सपॅकेज', त्याखाली 'रिक्वायरपॅकेज' वापरून लिस्टिंग्ज आणि रंगांसाठी एक्सकलर, मग रंगांच्या व्याख्या, मग चार शैली, मग एन्व्हायर्न्मेंट्स. या दोन्ही आज्ञांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. पुढे कोणत्याही दस्तऐवजात 'यूजपॅकेज'ची एक ओळ पुरते.

फाइल दस्तऐवजाच्या फोल्डरमध्ये ठेवली तर चालतेच. प्रत्येक कामात ती सापडावी असं वाटत असेल, तर तुमच्या होम फोल्डरमध्ये 'टेक्सएमएफ', त्यात 'टेक', त्यात 'लाटेक' अशी फोल्डरांची उतरंड करून तिथे ठेवा. लिनक्सवर टेक लाइव्ह ही जागा आपोआप पाहतं. मॅकवर हेच 'टेक्सएमएफ' होम फोल्डरमधल्या 'लायब्ररी'त असावं लागतं. विंडोजवर मिकटेक असेल तर ही जागा त्याच्या कन्सोलमध्ये नोंदवावी लागते. फाइल सापडते आहे का, आणि नेमकी कुठली सापडते आहे, हे टर्मिनलवर 'केपीएसई-विच' ही आज्ञा फाइलच्या नावासह दिली की लगेच कळतं. ओव्हरलीफवर अशी सामायिक जागा नाही, प्रत्येक प्रकल्प स्वतंत्र असतो. तिथे दुसऱ्या प्रकल्पातली फाइल जोडून घेण्याची सोय आहे. मूळ फाइल बदलली की जोडलेली प्रत हाताने ताजी करावी लागते.

स्लाइडवर अक्षराचं माप वेगळं लागणार. म्हणून 'बेस'मध्ये माप थेट लिहू नका. फाइलमध्ये 'कोडसाइझ' नावाची एक आज्ञा 'न्यूकमांड'ने करा, तिच्यात लहान अक्षराचं माप ठेवा, आणि 'बेसिकस्टाइल'मध्ये टाइपरायटर अक्षरानंतर तीच आज्ञा वापरा. लाटेक तिचा अर्थ उतारा छापताना पाहतं. त्यामुळे स्लाइडच्या प्रीअँबलमध्ये 'रिन्यूकमांड'ने माप बदललं की शैलीला हातही न लावता काम होतं. स्लाइड बीमरमध्ये करत असाल तर ज्या फ्रेममध्ये कोड आहे, तिच्यापुढे चौकोनी कंसात 'फ्रॅजाइल' लिहायला विसरू नका, नाहीतर उतारा चुकेल आणि जी सूचना येईल तिच्यावरून खरं कारण कळणार नाही.

लेख नियतकालिकाकडे पाठवताना तुमच्या होम फोल्डरमधली फाइल संपादकांच्या यंत्रावर नसते. ती लेखाबरोबर पाठवा. आणि प्रबंध सादर करताना त्या दिवशीची प्रत प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवाच, म्हणजे पुढे मूळ फाइल बदलली तरी सादर झालेला प्रबंध जसाच्या तसा पुन्हा तयार करता येईल. 'प्रोव्हाइड्सपॅकेज'मध्ये नावानंतर चौकोनी कंसात तारीख लिहायची जागा असते : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ती दर बदलाला लिहा. दस्तऐवजात 'यूजपॅकेज'च्या शेवटी चौकोनी कंसात तारीख दिली, आणि लाटेकला त्याहून जुनी प्रत सापडली, तर ते तसा इशारा देतं. दोन लॅपटॉप आणि एक ओव्हरलीफ असं काम चालत असेल, तर ही एक तारीख फार उपयोगी पडते.

प्रश्न : मी शाळेतल्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची पुस्तिका तयार करतो आहे. कोडमधल्या टिपा, म्हणजे कॉमेंट्स, मराठीत आहेत. लिस्टिंग्जमध्ये घातल्या की वेलांट्या आणि मात्रा भलतीकडे जातात. शैलीत काय बदलू?

उत्तर : शैलीत कितीही बदल केलेत तरी हे पूर्ण सुधारणार नाही. लिस्टिंग्ज ज्या काळात लिहिलं गेलं, तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट असा हिशेब होता. ते मजकूर एकेक चिन्ह उचलून वेगळा मांडतं. रोमनला ते चालतं. देवनागरीत 'कि' हे एक अक्षर असलं, तरी युनिकोडमध्ये ती दोन चिन्हं आहेत, क आणि ऱ्हस्व वेलांटी, आणि ती एकत्र राहिली तरच वेलांटी डावीकडे येऊन बसते. जोडाक्षरांत तर तीन-चार चिन्हं एकत्र लागतात. ती सुटी झाली की फॉन्ट काहीच करू शकत नाही. युनिकोड जाणणारं झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरलं तरी दोष राहतो, कारण दोष पॅकेजच्या रचनेत आहे.

दोन वाटा आहेत. पहिली लिस्टिंग्जमध्येच राहण्याची : 'टेकसीएल' ही किल्ली चालू केली की एका ओळीच्या टिपेतला मजकूर पॅकेज स्वतः न मांडता लाटेककडे सोपवतं, आणि झीलाटेक तो योग्य जोडून छापतं. टिपेचं सुरुवातीचं चिन्ह नेहमीसारखंच राहतं. मात्र मग टिपेत टक्का, अंडरस्कोर, अँपरसँड ही चिन्हं आली तर त्यांच्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. तो बॅकस्लॅश मूळ कोडच्या फाइलमध्येही राहील, म्हणून टिपांत ही चिन्हं टाळणंच बरं. अवतरणचिन्हांतला मराठी मजकूर या किल्लीने सुधारत नाही.

दुसरी वाट 'मिंटेड' या पॅकेजची. कोन्राड रुडॉल्फ यांनी ते सुरू केलं आणि जेफ्री पूअर यांनी पुढे नेलं. कोडमधले राखीव शब्द ओळखण्याचं काम ते स्वतः करत नाही, पायथनमध्ये लिहिलेल्या 'पिगमेंट्स' या प्रोग्रॅमकडून करून घेतं, आणि मजकूर शब्द-शब्द जोडून छापतं. म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेकबरोबर, देवनागरी असलेला फॉन्ट कोडच्या अक्षरासाठी निवडला की मराठी टिपाही नीट येतात आणि अवतरणातला मजकूरही. सेटिंग्ज एकदाच लिहिण्याची रीत इथे थोडी वेगळी आहे. सर्वांसाठी 'सेटमिंटेड', एका भाषेसाठी त्याच आज्ञेला चौकोनी कंसात भाषेचं नाव, आणि स्वतःचं एन्व्हायर्न्मेंट हवं असेल तर 'न्यूमिंटेड'. लिस्टिंग्जसारखी एका शैलीवरून दुसरी शैली इथे काढता येत नाही. तुमच्या पुस्तिकेला मी मिंटेडच सुचवेन. मुलांनी वाचायच्या टिपेत एकही वेलांटी सुटी पडलेली चालणार नाही.

मिंटेडला बाहेरचा प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि काही प्रकाशक त्याची परवानगी देत नाहीत. तशा वेळी 'फ्रोझनकॅश' हा पर्याय चालू करून आधी तयार झालेल्या फाइली सोबत पाठवता येतात.

प्रश्न : मराठी प्रबंधात प्रत्येक उताऱ्याखाली 'लिस्टिंग' हा इंग्रजी शब्द छापला जातो. तो बदलता येतो का?

उत्तर : हो. 'एलएसटीलिस्टिंगनेम' या आज्ञेची व्याख्या 'रिन्यूकमांड'ने बदला आणि तिच्यात 'उतारा' किंवा 'प्रोग्रॅम', जे तुम्हाला हवं ते लिहा. सगळ्या उताऱ्यांच्या यादीचं शीर्षक 'एलएसटीलिस्टलिस्टिंगनेम'मध्ये असतं, तेही बदला. या दोन्ही ओळी वर सांगितलेल्या एसटीवाय फाइलमध्येच ठेवा, लिस्टिंग्ज मागवल्याच्या ओळीनंतर. यादी जिथे हवी तिथे 'एलएसटीलिस्टऑफलिस्टिंग्ज' लिहा. ती आधीच्या फेरीत तयार झालेल्या फाइलवरून छापली जाते, म्हणून दस्तऐवज दोनदा कंपाइल करा.